नमुन्याचं नाक

माणसाच्या नाकाला दोन भोकं असतात. माझ्या नाकाला मध्यंतरी काही दिवस तीन होती. तिसरं आरपार नव्हतं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. कारण ते आरपार आहे, त्यातून शिट्टीसारखा आवाज येतो आणि झोपताना त्यात कापसाचा बोळा घालावा लागतो, अशी आमच्या जिन्यात वदंता होती. प्रत्यक्षात ते शेंड्याच्या जरा डावीकडे, शर्टाच्या बटणाएवढं आणि खोलीलाही बटणाएवढंच होतं.

त्या जागी आधी एक लालसर पुटकुळी होती. उशिरा आलेलं तारुण्य समजून मी तिच्याकडे वर्षभर कौतुकाने दुर्लक्ष केलं. शेवटी बायकोने मला धरून त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला आणि तो कर्करोग निघाला.

"घाबरू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा त्यातला अगदी सभ्य प्रकार. हळू वाढतो, सहसा कुठे जात नाही."

मध्यमवर्गीय माणसाला कर्करोग झाला तरी तो मध्यमवर्गीयच होणार, सावकाश वाढणारा आणि कुठेही न जाणारा. पण शब्द तो शब्दच. तो ऐकल्यावर हिने माझी पिशवी माझ्या हातातून काढून स्वतःच्या हातात घेतली. पिशवीत फक्त छत्री होती.

डॉक्टरबाईंनी तो काढला. कडा तपासल्या, सगळ्या साफ निघाल्या. मग हातमोजे काढत त्या म्हणाल्या, "गेला. पण खड्डा राहिलाय. तो बुजवणं माझं काम नाही, त्याला प्लास्टिक सर्जन लागेल. दोन आठवड्यांत ठरवा. लांबवलंत तर जखम आपली आपण भरायला लागेल. शेंड्याजवळची जखम अशी भरली की नाकपुडी वर ओढली जाते. मग जन्मभर समोरच्याचा वास आवडला नाही असं तोंड घेऊन फिराल."

त्यांनी तीन सर्जनांची नावं सांगितली. ती नावं आमच्या घरात कुणीही उच्चारली नाहीत. पहिल्या भेटीपासून ते कपाळवाले, गालवाले आणि कानवाल्या बाई असेच ओळखले गेले. का, ते ओघाने येईलच.

तिसऱ्या दिवशी हिने स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली उतरवले, पुसले, परत वर लावले आणि ओल्या हातांनीच बाहेर येऊन म्हणाली, "अहो, काम बघितल्याशिवाय मी कुणाला हात लावू देणार नाही."

"कशाला?"

"नाकाला."

"माझ्या?"

"मग काय माझ्या?"

काम बघितल्याशिवाय कारागीर ठरवायचा नाही, हा हिचा जुना नियम. आमचा ओटा करायचा होता तेव्हा आम्ही चार अनोळखी घरांत जाऊन ओटे पाहिले, त्यांच्या खणांत डोकावलो आणि एका ठिकाणी तर उतू जाणारं दूध उतरवून आलो. हा नियम आयुष्यात एकदाच मोडला गेला, लग्नाच्या वेळी. तेव्हापासून तो कडक झाला आहे.

नियम ठरला की माणसं लागतात, ती आपोआप जमली. पहिला माझा मेहुणा. त्याचा खिडक्या बसवून देण्याचा धंदा. जगात जिकडे बघावं तिकडे त्याला भोक दिसतं आणि त्यात काहीतरी घट्ट बसवायचं असतं. इतकी वर्षं माझ्यात त्याला रस घेण्यासारखं काही सापडलं नव्हतं. पट्टी बदलताना खालचा प्रकार दिसल्यावर मात्र तो खुर्ची पुढे ओढून बसला.

"भावोजी, मापं घेतली का कुणी?"

मापं घ्यायला शेजारच्या दारातून मोजणीवाले काका आले. काकांचं आयुष्य जमिनी मोजण्यात गेलं. निवृत्तीनंतर त्यांनी गच्ची मोजली, जिना मोजला, पाण्याची टाकी आतून मोजली आणि तेव्हापासून ते बेकार होते. माझं नाक त्यांना मोकळ्या माळासारखं वाटलं असावं. कंपास घेऊनच आले.

"हलू नका साहेब. हलणाऱ्या जागेची मोजणी होत नाही."

"काका, ते दुखतं."

"कडेला लावतोय फक्त. हद्द कळायला नको? उद्या सर्जन म्हणेल भोक एवढं होतं, तुम्ही म्हणाल तेवढं नव्हतं. मग वाद कुणी मिटवायचा?"

अशा रीतीने माझं नाक हा घरातला सार्वजनिक प्रश्न झाला. मला कुणी वगळलं नव्हतं. बैठकीला मी असायचोच, कारण नाक माझ्याबरोबर यायचं.

कपाळवाल्यांचा दवाखाना प्रशस्त होता. भिंतीवर ओळीने नाकांचे फोटो, आधीचे आणि नंतरचे. आमच्या लोकांनी ते प्रदर्शनासारखे फिरून पाहिले. आत गेल्यावर सर्जनांनी माझ्या नाकाकडे ओझरतं बघितलं, मग नजर वर गेली आणि ते म्हणाले, "वा!"

"काय झालं?"

"कपाळ!"

माझ्या कपाळाला आजवर कुणी दाद दिली नव्हती. ते कपाळ नसून टक्कल आहे, असं हिने प्रामाणिकपणे सांगितलं.

"तेच तर! हद्दच नाही. कितीही वरून कातडी घेतली तरी केस येण्याची भीती नाही. असं कपाळ वर्षातून एखादं मिळतं." मग त्यांनी समजावलं. कपाळाच्या कातडीची एक पट्टी सोडवायची, भुवईपाशी जोडलेलीच ठेवायची आणि पिळा देऊन खाली नाकावर आणून शिवायची. नाकाकडून नवा रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, ती पट्टी कपाळ आणि नाक यांच्यामध्ये लोंबत ठेवायची.

"म्हणजे सोंड," ही म्हणाली.

"आम्ही पूल म्हणतो."

मेहुण्याचे डोळे चमकले. "आणि काम झालं की पूल पाडायचा?"

"अगदी बरोबर."

"गॅरंटी किती वर्षांची?"

"कशाची?"

"नाकाची. आम्ही खिडकीला दहा वर्षं देतो. गळली तर स्वतः येऊन बघतो."

"नाक गळलं तर सर्दी समजा," सर्जन म्हणाले. माणूस विनोदी होता. पण ज्याला सोंड येणार आहे त्याने दुसऱ्याच्या विनोदाला किती हसावं, यालाही मर्यादा असते.

गालवाले याच्या उलट, अबोल आणि उंची अत्तर लावणारे. त्यांनी लहान मुलाचा धरावा तसा माझा गाल चिमटीत धरला आणि हिला म्हणाले, "इथे माल भरपूर आहे." मला वाटलं, मी बाहेर बसलो असतो तरी चाललं असतं. गालाची घडी उचलायची, वळवायची, नाकाला लावायची. गालावरचा व्रण हसण्याच्या रेषेत लपतो.

"हे फारसे हसत नाहीत," ही म्हणाली.

"रेष आहे. वापरली नाही तरी चालते." मग खाकरून म्हणाले, "एक छोटी गोष्ट. पुरुषांच्या गालाला दाढी असते. त्यामुळे नव्या जागेवर थोडी..."

"थोडी काय?"

"येऊ शकते."

"नाकाला दाढी?"

"सकाळी गालावरून वस्तरा फिरवतोच ना आपण? तसाच पुढे एक हात. बहुतेकांना सवय होते."

घरी येताना मोजणीवाले काका म्हणाले, "गालाने नाकात शिरायचं, हे सरळ सरळ अतिक्रमण आहे साहेब. आज नाक मागेल, उद्या डोळा मागेल."

कानवाल्या बाईंचा दवाखाना एका इस्त्रीच्या दुकानाच्या वर होता. एक टेबल, एक खाट, एक पंखा आणि भिंती कोऱ्या. बाईंनी नाक पाहिलं, बोटाने चाचपलं, मग माझा कान पुढे वाकवून मागे पाहिलं. "कानामागची चकती काढायची, इथे शिवायची. काही महिने रंग वेगळा दिसेल. हुबेहूब होणार नाही, अगदी जवळून बघणाऱ्याला कळेल." आणि सहज म्हणून पुढे म्हणाल्या, "जवळून बघतं कोण?"

माझ्या मागे तीन माणसं एकाच वेळी चुळबुळली.

"नमुना एकही नाही," खाली आल्यावर मेहुणा म्हणाला. "शोरूम नको का काही?"

"बोलल्याच नाहीत काही," ही म्हणाली. कमी बोलणाऱ्या माणसाला काम येत नसतं, हाही हिचा एक नियम. त्याची मांडणीसुद्धा लग्नानंतरचीच.

दरम्यान ऑफिसात वेगळंच सुरू झालं होतं. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रारखिडकीवर बसतो. आठ-आठ दिवस नळाला पाणी नसलेली माणसं जे बोलतात ते ऐकून घेणं, हे माझं काम. नाकावर पट्टी आल्यापासून ही माणसं खिडकीशी येऊन थबकायची. "साहेब, पाणी... जाऊ दे, तुम्ही काळजी घ्या," म्हणायची. एका बाई तर जाताना मलाच पाण्याची बाटली देऊन गेल्या. त्या आठवड्यात तक्रारी निम्म्यावर आल्या. वरिष्ठांनी मला केबिनमध्ये बोलावून बसायला सांगितलं, जे ते कधी सांगत नाहीत.

"ऑपरेशनची तशी घाई आहे का हो?" ते म्हणाले.

रजेचा अर्ज घेऊन मी कारकुनाकडे गेलो. त्याने 'नाक' हा शब्द वाचला आणि चष्मा काढला.

"सौंदर्यासाठी आजारपणाची रजा नाही मिळत."

"सौंदर्याचा प्रश्न नाही. खड्डा पडलाय."

"तुम्हाला आजार काय?"

"कर्करोग."

"अरेरे. मग तो आहे का?"

"काढला."

"म्हणजे आजार गेला. गेल्या आजाराची रजा कशी देणार? आता उरलं ते सौंदर्य." मग कोमल आवाजात विचारलं, "खड्ड्यामुळे कामात अडथळा येतो, असं वरिष्ठांकडून लिहून आणाल?"

वरिष्ठांनी लिहून दिलं ते असं, की खड्ड्यामुळे कामात कमालीची सुधारणा झाली आहे. ते वाचून कारकुनाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच खड्डा मुद्दाम पाडून घेतला असावा. शेवटी त्यालाच दया आली. कर्मचाऱ्याचे दात बसवण्यासाठी एक जुनी सवलत होती, तिच्यात त्याने मला बसवलं. आमच्या ऑफिसात आजही माझी नोंद कवळीवर आहे. नाक आणि दात यांत फार अंतर नाही, असं तो म्हणाला. काकांनी ते मोजून दुजोरा दिला.

इतकं झाल्यावर नमुना बघायचा राहिला होता. मेहुण्याचं एक गिऱ्हाईक होतं, त्याच्या घरात कपाळवाल्यांनी केलेलं नाक असल्याची पक्की खबर होती. मेहुण्याने फोन लावला. "साहेब, खिडक्या कशा आहेत? उत्तम. तुमच्या घरातलं नाक बघायला येऊ का?" पलीकडचे गृहस्थ इतके सज्जन, की म्हणाले, "या की."

आम्ही चौघं गेलो. एका बाईंनी दार उघडलं, हसून बसायला सांगितलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. गृहस्थ समोर बसले होते. आम्ही चौघांनी एकदम त्यांच्या नाकाकडे पाहिलं, मग सभ्यपणे पंख्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा नाकाकडे.

"साहेब, जरा उजेडात येता का?" मेहुणा म्हणाला.

गृहस्थ निमूटपणे खिडकीशी आले. मेहुण्याने खिशातून टॉर्च काढला. काकांनी कंपास काढला, "परवानगी असावी," म्हणाले आणि परवानगीची वाट न बघता लावला. ही चष्मा वर करून इतक्या जवळ गेली, की मला नवरा म्हणून काहीतरी वाटायला हवं होतं.

"जोड अजिबात कळत नाही," मेहुणा म्हणाला. "फिनिशिंग मानलं पाहिजे."

"पण मध्ये उंचवटा राहिलाय," ही म्हणाली. "आणि शेंडा उजवीकडे गेलाय बघ. अहो, तुम्ही बघा ना. तुमचंच व्हायचंय."

मीही पाहिलं. शेंडा गेला होता.

"तीन रेघांनी गेलाय," काका म्हणाले.

"असू दे," ही गृहस्थांना धीर देत म्हणाली. "आधीपेक्षा नक्कीच बरं झालं असेल."

गृहस्थांनी घसा साफ केला. "हे आधीचंच आहे."

"म्हणजे?"

"जन्मापासून असंच आहे."

टॉर्च चालूच राहिला. तो विझवायचं कुणाला सुचेना.

"मग तुम्ही आम्हाला बोलला का नाहीत?" मेहुणा म्हणाला, जणू फसवणूक आमची झाली होती.

"मला वाटलं, तुलनेला म्हणून आधी साधं नाक बघताय."

आतून चहाचा ट्रे घेऊन आलेल्या बाई दारातच हसायला लागल्या. कप हिंदकळले. "माझं आहे हो ते," त्या म्हणाल्या. "दार उघडलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, म्हटलं बघतील चहा झाल्यावर."

मग आम्ही त्यांचं बघितलं. टॉर्चच्या उजेडात कपाळावर एक बारीक रेघ दिसली, तीही सांगितल्यावर. काकांनी नाकाभोवती दोनदा कंपास फिरवला आणि मिटून खिशात ठेवला. "हद्द सापडत नाही," ते म्हणाले. या माणसाच्या तोंडून हे वाक्य येताना मी प्रथमच ऐकलं.

ही आनंदून गेली. "ठरलं! कपाळवालेच. पण तुम्ही त्यांना कसं निवडलंत? किती कामं बघितलीत?"

"मी कुठे निवडलं? गाडीची काच फुटली आणि लागली नाकावर. दवाखान्यात नेलं तेव्हा हे डॉक्टर तिथे होते."

"काम न बघता?"

"अहो, माझं अर्धं नाक रुमालात होतं. मी काय बघणार?"

हिने कप खाली ठेवला. मी विचारलं, "आणि ते मधले दिवस? तो पूल?"

"आरशावर टॉवेल टाकला होता मी," त्या म्हणाल्या. "हे मात्र रोज समोर बसून चहा घ्यायचे. इकडचं तिकडचं बोलायचे. बाकीचं विसरले मी सगळं."

गृहस्थ आपल्या वाकड्या नाकाने खिडकीबाहेर बघत होते.

परतताना मला वाटलं, आता प्रश्न मिटला. पण जिन्यात शिरताना ती म्हणाली, "चांगलं बघितलं. आता एखादं बिघडलेलं बघायला हवं."

"बिघडलेलं कशाला?"

"बिघडलं तर किती बिघडतं, ते कळायला नको?"

मेहुणा दुसऱ्या दिवसापासून शहरात बिघडलेलं नाक शोधायला लागला. असं नाक सांगून सापडत नाही. दिसलं तरी त्याच्या मालकाला विचारायचं कसं, हा प्रश्न उरतो. एकाला त्याने विचारलं, तर ते नाक कुणी बिघडवलेलं नव्हतं आणि मेहुण्याचं मात्र थोडक्यात वाचलं. या भानगडीत दिवस गेले आणि पट्टी बदलायला मी त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेलो तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कडा आत ओढल्या जायला लागल्यात. कुणाकडे जाताय?"

"अजून नमुने बघतोय."

"कसले नमुने?"

मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "एवढ्याशा खड्ड्याला त्या तिघांतलं कुणीही चालेल," त्या म्हणाल्या. "चौथं कुणी चालत नसेल तर ते तुमचं घर. परवाच्या आत टाके पडले नाहीत, तर माझ्याकडे परत येऊ नका."

घरी येऊन हिने कपाळवाल्यांना फोन लावला. डॉक्टर नाकांच्या परिषदेसाठी परदेशी गेले होते, पुढच्या महिन्यात येणार होते. गालवाल्यांचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्या नाकाकडे बघत आपापल्या हनुवटीवरून हात फिरवला. उरल्या कानवाल्या बाई. काम न बघता, बोलणं न होता, इस्त्रीच्या दुकानाच्या वर.

आम्ही चौघं पुन्हा तो जिना चढलो.

"सगळे?" बाईंनी विचारलं.

"सगळे," ही म्हणाली.

बाईंनी पट्टी काढून पाहिलं. "उशीर केलात. पण जमेल. उद्या सकाळी."

"तुम्ही केलेलं एखादं नाक बघायला मिळेल का?" ही म्हणाली. आवाज मऊ होता, पण प्रश्न तोच.

"नाही. लोक नाक करून घेतात आणि विसरून जातात. घरोघरी जाऊन आठवण करून देणं माझ्याच्याने होत नाही." बाई हात पुसून खुर्चीत बसल्या. "आता मी विचारू? टॉर्च कुणाकडे आहे?"

मेहुण्याने खिशावर हात ठेवला.

"आणि मोजतं कोण?"

काका म्हणाले, "प्रसंगानुसार."

"मग ऐका. नवी चकती पहिल्या आठवड्यात काळीनिळी दिसते. तशीच दिसायला हवी. पण घरातली माणसं घाबरतात, म्हणतात बिघडलं, कडेला उचलून बघतात आणि तेव्हा ती खरी बिघडते. मला नाकाची भीती वाटत नाही, घराची वाटते. तुमच्या घरातलं नाक हातात घ्यावं का, याचा मलाही विचार करायला हवा."

इतके दिवस आम्ही निवड करणारी मंडळी होतो. आता भिंतीशी उमेदवारांसारखे उभे राहिलो. मेहुण्याने बाह्या सारख्या केल्या. "मॅडम, आम्ही तशी चांगली माणसं आहोत. दोन-तीन घरी चौकशी करू शकता."

"मी बहिणीकडे जाऊन राहतो," काका म्हणाले. "कंपास इथे ठेवून जातो."

"आणि तुम्ही?" बाईंनी हिला विचारलं.

"मी हात नाही लावणार."

"बघणार?"

"बघणार," ही म्हणाली. "ते मला थांबवता येणार नाही. तो रिपोर्ट आला त्या दिवसापासून मी बघतेच आहे, हे झोपलेले असताना पण." मग एकदम घाईने बोलायला लागली, डबे खाली उतरवावेत तसं. "ह्यांचं नाक काही फार देखणं होतं अशातला भाग नाही हो. मी नावंच ठेवली त्याला. पण माझी सगळी भांडणं त्याच्याशी झालेली आहेत. उद्या तिथे कुणी परकं येऊन बसलं, तर मी पहिल्यापासून कुठून सुरुवात करू?"

बाईंनी मान माझ्याकडे वळवली. "तुमचं काय?"

"त्यांना काय विचारता," मेहुणा म्हणाला, "भावोजी हो म्हणतात."

"नाक त्यांचं आहे ना?"

सगळ्यांनी वळून खात्री करून घेतली. मी काहीच ठरवून आलो नव्हतो. इतक्या दिवसांत माझं मत कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं म्हणजे मला ते सोयीचंच पडलं होतं. कपाळ, गाल, कान यांवर चर्चा चालू असेपर्यंत दुसऱ्या कशावर चालू नसते.

"मला भीती वाटते," मी म्हणालो.

"टाक्यांची?"

"नाही. तो परत येण्याची."

हिचा हात माझ्या कोपरापाशी आला आणि तिथेच थांबला.

"त्याचं मला नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "त्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे जात राहायचं. त्या दर वेळी बघतील आणि दर वेळी तुम्ही घाबराल. माझ्याने फक्त खड्डा बुजतो."

"तेवढं चालेल," मी म्हणालो.

सर्जनची निवड म्हणतात ती बहुधा हीच असावी. त्या वेळी तसं काही वाटलं नाही. बाई उठल्या आणि पट्टी लावता लावता म्हणाल्या, "मग उद्या सकाळी या. कानामागे साबण लावून या. सगळे नाक धुऊन येतात."

जिना उतरताना मेहुणा माझ्यावर चिडला होता. "काय भावोजी! एवढंच होतं तर पहिल्या दिवशीच सांगायचं. लोकांच्या घरी जाऊन नाकं कशाला बघितली असती आम्ही?"

"गप रे," ही म्हणाली. "मला तरी दुसरी कसली भीती होती?"

कुठल्या कानामागची चकती घेणार, ते विचारायचं राहूनच गेलं होतं. आता परत वर कोण जाणार? म्हणून घरी आल्यावर हिने मला मोरीत बसवून दोन्ही कान धुतले.